येळवशीला आवतन लागत नाही

लेकरांना फुकटात फिरवून आणण्यात माझा हात धरील अशी बाई लातुरात सापडायची नाही. मी घरी बसून ब्लाउज शिवते, नवरा डाळ मिलवर मालाची आवक-जावक बघतो, आणि पदरात दोन लेकरं. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात. रविवार उजाडला की दोघं मशीनपाशी येऊन उभी, "आई, आज कुठं?" वॉटर पार्कचं नाव काढलं की मी ऐकूच न आल्यासारखं जोरात मशीन चालवते. पण लेकरांना घरात कोंडून ठेवलं असं मात्र कधी झालं नाही.

रेल्वेच्या पुलावर उभं राहून खालून जाणारी मालगाडी बघायची. साड्यांच्या एका मोठ्या दुकानात सरकता जिना बसवलाय, त्यावरून तीनदा वर, तीनदा खाली, आणि वॉचमननं ओळखायच्या आत बाहेर. त्या दुकानातून मी आजवर साधा रुमाल घेतलेला नाही. सरकारनं एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट केलं आणि माझा मुलूख आणखी वाढला. नांदेडला जायचं, गुरुद्वाऱ्यात माथा टेकवायचा, लंगरात पंगतीला बसायचं, गोदावरीच्या घाटावर पाय सोडून बसायचं आणि दिवस मावळता परतीची गाडी धरायची. धाकटा पहिल्यांदा लंगरात जेवला तेव्हा दुसरी पोळी ताटात पडल्यावर घाबरून माझ्या कानात म्हणाला, "आई, आता बस कर, बिल लई व्हईल." नवरा मला फुकट खात्याच्या मंत्रीणबाई म्हणतो. म्हणू दे. त्याच्या खात्यात तर एकही सहल नाही.

पण या सगळ्या सहलींच्या वरचढ म्हणजे येळवस. कॅलेंडरात तिला वेळ अमावस्या लिहितात. ऐन थंडीतली अमावस्या, आणि आमच्या भागाचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी लातुरात संचारबंदी लागल्यासारखी दिसते, दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळी माणसं रानात. शेतात कडब्याची कोप घालतात, म्हणजे छोटी झोपडी. तिच्यात चुना फासलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा झाली की मडक्यातली आंबील पिकावर शिंपडत, 'ओलगे ओलगे' असा पुकारा करत शेताला फेरी, आणि मग जेवण. हरभऱ्याची भाजी, तुरीचे ओले दाणे, वाल, शेंगदाणे, असं रानातलं सगळं घालून केलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाच्या पोळ्या आणि वर गार आंबील. संध्याकाळी गवऱ्यांवर दूध उतू घालतात. ज्या दिशेला ते उतू जाईल तिकडून पुढल्या साली पाऊस येणार.

त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालतात. ज्यांना शेत नाही अशा गावातल्या लोकांना ओळखीचे लोक आधी आवतन देतात, "येळवशीला या बरं का." आवतन मिळालं की माणूस पाहुणा झाला. मला ते कधी लागलं नाही. अहमदपूरच्या पुढं सात-आठ किलोमीटरवर आमच्या वडिलांचं शेत, आणि माहेरच्या येळवशीला आवतन लागत नाही. लागलं तर ते माहेर कसलं, असं माझी आई म्हणायची.

आमच्या कोपीतले पाच दगड मी आणि वडिलांनी ओढ्यातून वेचून आणलेले. मी तेव्हा धाकट्याएवढी होते. चार चांगले गोल मिळाले, पाचवा काही केल्या मिळेना. शेवटी मी एक वरून टवका उडालेला उचलला. वडील म्हणाले, "असू दे, भीमाला गदा लागली असंल." तेव्हापासून आमचा भीम टवका उडालेला. दरवर्षी चुना फासायचं काम माझ्याकडं, आणि मी लग्न होऊन लातूरला आल्यावरही ते कुणी माझ्याकडून काढून घेतलं नाही. पुढं माझ्या लेकरांनी ते काम घेतलं. दोघं कोपरापर्यंत पांढरी होऊन यायची.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. वडील आधीच गेले होते. त्या उन्हाळ्यात धाकट्या भावाचा फोन आला, "आक्का, अहमदपूरला येऊन जा की. लेकरांना बी आण, फिरणं व्हईल त्यांचं." कशासाठी ते त्यानं सांगितलं, लपवलं नाही. हक्कसोड करून द्यायचा होता. बापाच्या जमिनीत लेकीचा वाटा असतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण तो मागणाऱ्या बहिणीला भावाच्या दारात कोण उभं करतंय? म्हणून आमच्याकडच्या लेकी रजिस्ट्रीच्या ऑफिसात जातात, सही करतात, अंगठा देतात आणि साडी-चोळी घेऊन परत येतात. माझ्या आत्यांनी तेच केलं होतं. मला त्यात वावगं वाटलं नाही. त्या भावाला मी कडेवर घेऊन शाळेत नेलंय, त्याच्या तापात रात्रभर पाण्याच्या घड्या ठेवल्यात. सातबाऱ्यावर त्याचं नाव राहिलं काय, माझं राहिलं काय.

लेकरांना त्यानं कुल्फी दिली, मोटारसायकलवरून गावभर हिंडवलं. लेकरं खूश. मी सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. बाहेर येऊन लिंबाखाली उभे राहिलो तेव्हा त्याचे डोळे भरले. म्हणाला, "आक्का, शेत माझ्या नावावर, पण येळवस तुझी. तू आल्याबिगर उतू घालायचा न्हाई. आईची शपथ." मी त्याच्या डोक्यावर टपली मारली. येताना गाडीत थोरली म्हणाली, "आई, आजची सहल भारी झाली." मीही हो म्हणाले.

त्यानंतरच्या दोन येळवशी नेहमीसारख्या झाल्या. यंदा चार दिवस आधी त्याचा फोन आला. "आक्का, यंदा नको येऊस. गारठा लई हाय."

"गारठा कवा न्हवता?"

"तसं न्हाई. बिबट्या आलाय रानात. वन खात्याचे लोक येऊन गेले. लेकरंबाळं घेऊन कुठं येतीस? आमी बी न्हाई चाललो. घरीच निवद दाखवणार."

मी म्हणाले, "बरं. तू बी जपून राहा रे." आणि खरंच मला त्याची काळजी वाटली. रात्री दोनदा जाग आली. भाऊ एकटा रानात पाणी द्यायला जातो, त्याला काही झालं तर, असं मनात येत राहिलं. आज ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "येळवशीला हजार माणूस बोंबलत हिंडतंय. बिबट्या काय आंबील प्यायला येतोय?" लेकरांनी तर बिबट्याचं नाव ऐकल्यापासून घर डोक्यावर घेतलं होतं. मीही विचार केला, एवढ्या वर्षांत एक येळवस चुकली नाही, आणि भाऊ आमच्या काळजीपोटी स्वतःचा सण घरात बसून करणार. आपण पोळ्या करून न्यायच्या, त्याला गावातल्या घरातून उठवायचं आणि दोघा बहीण-भावांनी जाऊन निदान पांडवांना हळद-कुंकू लावायचं. न सांगता गेलं की त्याला आनंद होईल. सण माहेरचा, विचारायचं कुणाला? नवऱ्याला त्या दिवशी मिल मालकाच्या शेतावर जावं लागतं, म्हणून नेहमीसारखे आम्ही तिघंच निघालो. तिळाच्या पोळ्यांचा डबा माझ्याकडं, आणि धाकट्याच्या हातात बिबट्यासाठी काठी.

गावात भावाच्या दाराला कुलूप. मला वाटलं, गेला वाटतं शेवटी रानात, राहवलं नसणार. बघा, मी अजूनही त्याच्याच बाजूनं विचार करत होते. आम्ही गाडीवाटेनं शेताकडं निघालो. ज्वारी चांगली पोटरीला आली होती. लांबून आमच्या शेतात कोप दिसली, माणसं दिसली, बांधाला एक पांढरी चारचाकी उभी. लेकरं पळत सुटली. मी मागून पोचले तर एकही चेहरा ओळखीचा नाही.

कोपीपुढं एक म्हातारी बसली होती, कपाळाला विभूती, अंगावर इरकल. मला बघून म्हणाली, "या बाई, या. उभ्या का? ऊटा तयार हाय, जेवूनच जायाचं. कुणाकडली गं तू?"

मी म्हणाले, "मी याच शेतातली."

ती खळखळून हसली. "आज समदेच शेतातले. बस."

धाकट्यानं विचारलं, "आजी, बिबट्या कुठं हाय?"

"कसला बिबट्या? चार दिस झाले आमी कोप बांधून राहिलो. कोल्हा बी दिसला न्हाई."

तिचा मुलगा पुढं आला. चांगला माणूस, उदगीरला किराणा दुकान आहे त्याचं. मी त्याला विचारलं, "तुमी शेत बटईनं केलंय का?" बटई म्हणजे पीक निम्मं-निम्मं वाटून घेणं. मला तेवढंच सुचलं.

"बटई न्हाई, खरेदी हाय. पावसाळ्याच्या तोंडावर घेतलं." त्यानं माझ्या भावाचं नाव सांगितलं. "तुमच्या ओळखीचे?"

"भाऊ हाय माझा."

त्याचा चेहरा एकदम बदलला. त्यानं आईकडं बघितलं. म्हातारीनं माझ्या हाताला धरून मला कोपीत नेलं. "चल, आधी देवाच्या पाया पड."

आत पाच पांडव. चुना ताजा, दुसऱ्या कुणीतरी फासलेला. चौथ्या जागी आमचा भीम, टवका उडालेला. मी तिथंच बसले. सात महिन्यांपासून हे शेत दुसऱ्याचं होतं, आणि या सात महिन्यांत राखीपौर्णिमेला तो माझ्या घरी येऊन गेला होता. मी ओवाळलं, त्यानं पुरणपोळी खाल्ली, पिकाचं विचारलं तर म्हणाला, "बरं हाय यंदा सोयाबीन." दुसऱ्याच्या शेतातलं सोयाबीन. मला रडू आलं नाही. म्हातारीनं तांब्याभर आंबील पुढं केली. माझ्या आईची आंबील जरा आंबट असायची, ही गोडसर होती. मी सगळी प्यायले.

बाहेर त्यांनी धाकट्याच्या हातात आंबिलीचं छोटं मडकं दिलं होतं आणि तो त्यांच्या नातवंडांबरोबर 'ओलगे ओलगे' ओरडत शेताला फेरी घालत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. कुठल्या बांधाला वळायचं, कुठल्या बोरीखाली थांबायचं, तो पुढं होऊन दाखवत होता. थोरली मात्र माझ्याजवळ येऊन बसली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, आपण जायचं का?"

"जेवून," मी म्हणाले. येळवशीला वाढलेल्या ताटावरून उठत नाहीत.

आम्ही पंगतीला बसलो. पहिला घास तोंडात, तेवढ्यात बांधावरून मोटारसायकल आली. पुढं माझा भाऊ, मागं अहमदपूरहून आणलेला पेढ्यांचा खोका धरून भावजय, टाकीवर त्यांचा मुलगा. भावानं स्वच्छ पांढरा सदरा घातला होता. आत्या, आत्या करत भाचा माझ्या गळ्यात पडला. धाकटा मडकं घेऊन पळत आला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं ओरडला, "मामा, बिबट्या कुठं हाय?"

भाऊ गाडीची चावी काढायची विसरून तसाच उभा राहिला. भावजयीनं पदर सारखा केला आणि जमिनीकडं बघत बसली.

खरं सांगते, उठून त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. लहानपणी दिली होती तशी. पण दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या देवापुढं, दुसऱ्याच्या पंगतीत मी काय करणार होते? त्या क्षणी मला कळलं की मला इथं साधं भांडायचीही मुभा उरलेली नाही. मी ताट संपवलं, हात धुतले आणि विहिरीकडं गेले. तो मागून आला.

"आक्का, तुला सांगणारच होतो."

"कवा?"

"पोराला नांदेडला क्लास लावायचा हाय म्होरं. तिथं ब्लॉक घेतला. शेतीत काय राहिलंय आता?"

"इकलंस ते इकलंस. तुझ्या नावावर होतं. मी सही करून बसले, माझा काय हक्क? पण बिबट्या कशाला आणलास?"

तो सदऱ्याची बाही दुमडायला लागला.

"अन् तू कसा आलास इथं? तू तर घरीच निवद दाखवणार होतास."

"खरेदीच्या दिवशी या म्हातारीनं आवतन दिलतं. म्हणाली, तुमचे देव हायत, पहिल्या येळवशीला समदं घर घेऊन या."

"समदं घर?"

त्यानं विहिरीत बघितलं.

"मग मी घरात न्हाई का रे?"

"तसं न्हाई आक्का. मला वाटलं तू रडशील. चार लोकांत तमाशा व्हईल. त्यांच्या मनात कायतरी येईल, उद्या वाट्याचं काढती का काय म्हणून..."

तेवढं पुरेसं होतं. म्हणजे माझ्या काळजीपोटी नाही, लाज वाटून नाही, मला तो घाबरला होता. जिनं फुकट सही करून दिली ती बहीण एक दिवस तोंड उघडेल, याची त्याला भीती. आणि म्हणून त्यानं मला माझ्याच लेकरांच्या जिवाची भीती घातली. शेत गेल्याचं दुःख मी पचवलं असतं. शेतं सगळ्यांचीच जायलीत. पण लिंबाखाली ज्याचे डोळे भरले तो, आणि ज्यानं फोनवर बिबट्या सोडला तो, हे दोघं एकच आहेत हे मला अजूनही पचत नाही. आईची शपथ त्यानं अशी घेतली होती, की जणू आई फक्त माझीच मेली होती.

"रडले का मी?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग झालं तर. जा, जेवून घे. लोक वाट बघायलेत."

दूध उतू घालायला अजून वेळ होता. धाकटा थांबायचं म्हणत होता, पाऊस कुठून येतो ते त्याला दरवर्षी बघायचं असतं. मी त्याला दंडाला धरून उठवलं. बस चुकेल म्हणाले. म्हातारी आमच्यामागं बांधापर्यंत आली. एका बाटलीत आंबील भरून दिली, थोरलीच्या ओट्यात हरभऱ्याचे घाटे घातले. मग कागदाच्या पुडीत हळद-कुंकू आणि सुपारी बांधून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "पुढल्या येळवशीचं आवतन आत्ताच देऊन ठेवते. लेकरं घेऊन ये. तुला कुणी न्हाई म्हणणार न्हाई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्यावर रागावता येत नव्हतं, आणि त्याचाही राग येत होता.

भावानं अहमदपूरच्या स्टँडपर्यंत सोडतो म्हटलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्या कामात मी पटाईत आहे.

एसटीत थोरली म्हणाली, "आई, आपल्याला तर आवतन लागत नव्हतं ना?" मी तिला एक घाटा सोलून दिला. तिनं तो खाल्ला नाही, मुठीत धरून बसली.

घरी पोचलो तेव्हा नवरा आमच्या आधी आला होता. मालकाच्या शेतावर चांगलं जेवण झालेलं, मजेत होता. धाकट्याला उचलून म्हणाला, "काय वाघोबा, बिबट्या दिसला का?"

"बिबट्या नव्हताच," धाकटा म्हणाला. "मामा होता."

नवरा हसायला लागला आणि माझ्याकडं बघून थांबला. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली. पोळ्यांचा डबा तसाच भरलेला होता, तो काढताना ती पुडी खाली पडली आणि फरशीवर कुंकू सांडलं.

"हे काय?"

"आवतन हाय. पुढल्या येळवशीचं."

"कुणाच्या शेतात?"

त्या शेताला मी आजवर कधी कुणाचं म्हटलंच नव्हतं, नुसतं रान म्हणायचे. आमचं असंसुद्धा कधी म्हणावं लागलं नव्हतं.

"उदगीरच्या लोकांच्या," मी म्हणाले, आणि कुंकू पुसायला फडकं आणायला आत गेले.